पाटीवरची इंदुमती

न्हाव्याच्या दुकानाला 'प्रायव्हेट लिमिटेड' का म्हणता येत नाही, हे मी एका माणसाला पाऊण तास समजावून सांगितलं होतं. खुर्च्या दोन, आरसा एक, कामाला तो स्वतः. सगळं शांतपणे ऐकून तो म्हणाला, "बरं, लिमिटेड राहू द्या. नुसतं प्रायव्हेट लिवा." मी म्हटलं, तेही नको. तो उठला आणि जाता जाता बोलला, "तुमचा कायदा गरिबाले मोठं होऊच देत नाई."

तीसेक वर्षं मी गोंदियात लोकांच्या दुकानांची नोंदणी करून देण्याचं काम केलं. मी वकील नव्हतो. फॉर्म भरायचा, कागद जोडायचे, कचेरीत नेऊन द्यायचे. पुढे सगळं ऑनलाइन झालं तेव्हा तेच संगणकावर बसून करायचं. तरी लोक 'वकीलसाहेब' म्हणत. मी सुरुवातीला दुरुस्त करायचो, नंतर कंटाळलो. माझ्या पाटीवर 'अर्ज व नोंदणीची कामे' एवढंच लिहायला सांगितलं होतं. पेंटरनं आपल्या मनानं खाली 'सल्लागार' जोडलं आणि त्या शब्दाचे पैसे घेतले नाहीत. मी तो शब्द खोडला नाही. दुसऱ्यांच्या बडेजावाबद्दल पुढे जे लिहिणार आहे, ते वाचताना एवढं ध्यानात असू द्यावं.

बाहेरच्या माणसाला वाटतं की दुकानाचं नाव कुठेतरी मंजूर करून घ्यावं लागत असेल. कंपनीचं लागतं. कंपनीचं नाव आधी कुणी घेतलंय का, हे सरकार तपासून बघतं. एकट्या मालकाच्या धंद्याचं नाव कुणी तपासत नाही. तुम्ही फक्त कळवायचं असतं, की अमुक जागी, अमुक नावानं, मी अमुक धंदा मांडला आहे. खाण्याचा जिन्नस असेल तर अन्नाची वेगळी नोंदणी. मग एक कागद मिळतो. लोक त्याला 'लायसन' म्हणतात, फ्रेम करून देवाच्या फोटोशेजारी लावतात आणि रोज त्यालाही उदबत्ती ओवाळतात. पण त्या कागदानं नाव तुमचं होत नाही. तुम्ही कळवलंत, एवढंच तो कागद म्हणतो. उद्या समोरच्यानं तेच नाव कळवलं तर त्यालाही तसाच कागद मिळेल, तितक्याच ठसठशीत शिक्क्याचा. नाव खरोखर राखायचं तर ट्रेडमार्कची नोंदणी वेगळी असते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी त्या वाटेला फार थोडे गेले.

मनाई मात्र बऱ्याच आहेत, आणि त्या वाचायला मला कायम मजा वाटत आली. लग्नाला भांडी भाड्यानं देणारा एक गृहस्थ 'बर्तन बँक' असं नाव घेऊन आला होता. मी त्याला दाखवलं, की बँकेचा धंदा न करणाऱ्या कुणालाही धंद्याच्या नावात 'बँक' हा शब्द वापरता येत नाही. तो चकित झाला. "साहब, मेरे पास तो गंज-परात है. रिझर्व्ह बँक मेरे गंज से डरती है क्या?" भीत असावी. दुसऱ्या एकानं पंक्चरच्या दुकानावर 'शासनमान्य' लिहिलं होतं. सरकारचा आश्रय आहे असं भासवणारं नाव चालत नाही, हे सांगितल्यावर त्यानं भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. "मंग हे कोनं देल्लं? सासऱ्यानं?" आणि एका बिअर बारवाल्याला बारला गडकिल्ल्याचं नाव हवं होतं. दारूच्या दुकानाला किल्ल्यांची आणि थोर माणसांची नावं देता येत नाहीत. त्यानं फार विचार केला आणि आपल्या सासूचं नाव दिलं. त्याला कायद्याची हरकत नव्हती. सासूची होती की नाही, ते मी विचारलं नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. एकट्याच्या धंद्यात दुकान आणि मालक हे कायद्याला दोन दिसतच नाहीत. दुकानावर त्याच्या नावानं कुणी दावा लावू शकतो, पण दुकानाला स्वतःच्या नावानं कुणावर दावा लावता येत नाही. तिथे मालकालाच पुढे व्हावं लागतं. म्हणून पाटीवर मोठ्या अक्षरांच्या खाली बारीक अक्षरात 'प्रो.' लिहून मालकाचं नाव घालायचा रिवाज. वर मुखवटा, खाली माणूस. आणि तो खालचा माणूस गेला की धंदा कायद्यानं तिथेच संपतो. वरची पाटी मात्र लटकत राहते.

हे मी शेकडो लोकांना सांगितलं असेल. कुणी मनावर घेतलं नाही. देवरामनंही नाही.

देवराम फुलचूरचा. घरच्या समोरच्या खोलीत चिवड्याचं दुकान टाकायचं म्हणून तो माझ्याकडे आला, त्याला आता तेवीस वर्षं होतील. बरोबर बायको होती, डोक्यावर पदर, खुर्ची असून उभी. चिवडा ती करायची. तो आधी नातेवाइकांत गाजला, मग शेजाऱ्यांत, आणि मग देवरामच्या डोक्यात दुकान शिरलं. देवरामला भव्य गोष्टींची आवड. नाव काय, म्हटल्यावर त्यानं तीन सांगितली, तिन्हींत 'सम्राट' होता. मीच म्हणालो, "करतात कोण? वहिनी ना? मग त्यांचंच ठेवा. खाण्याच्या जिनसाला बाईचं नाव असलं की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो."

तो खूश झाला. "इंदुमती. इंदुमती चिवडा भांडार."

मी लिहिलं. मग मालकाचा रकाना आला. तिथे मी देवरामचं नाव लिहिलं. त्याच्याकडे पॅनकार्ड होतं, तो समोर बसला होता, आणि तेव्हा सगळे तसंच लिहीत. उभ्या असलेल्या बाईला मी काही विचारलं नाही. चूक म्हणावी तर फॉर्ममध्ये चूक एकही नव्हती.

दुकान चाललं. त्या चिवड्यात तळलेली लाखोळीची डाळ असायची आणि आणखी काहीतरी, जे कुणाला कळलं नाही. पोहे इथल्याच गिरणीतले, ते तर सगळ्यांकडेच असतात. पण खरं नाव झालं ते मंडयांमध्ये. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, आज या गावी, उद्या त्या गावी. लेकी-जावई येतात, नाटकं होतात, गाव दिवसभर रस्त्यावर असतं. इंदुमतीबाई कढई घेऊन मंडई-मंडई फिरायच्या. चोरखमाऱ्याच्या तलावाकडच्या गावांतले लोक पाहुण्यांना सांगायचे, इंदुमतीचा चिवडा आला का बघ. वर्षभराची अर्धी विक्री त्या दीड महिन्यात व्हायची.

मूलबाळ नव्हतं. दुकानात देवराम आणि त्याचा धाकटा भाऊ हेमराज बसायचे. मागच्या वर्षी पावसाळ्यात देवराम गेला.

दिवाळीला तीन आठवडे असताना इंदुमतीबाई माझ्याकडे आल्या. मी दुकान बंद करून घरी बसायला लागलो होतो, त्या घरीच आल्या. हातात एका वकिलाची नोटीस होती. हेमराजनं भावाच्या तेराव्यानंतर त्याच जागी, त्याच नावानं, स्वतःला मालक दाखवून ऑनलाइन कळवलं होतं. कागद मिळाला होता, अन्नाची नोंदणीही झाली होती. नोटिशीत लिहिलं होतं, की 'इंदुमती चिवडा भांडार' हे नाव त्याच्या धंद्याचं आहे, आणि सदर बाईंनी ते मंडईत किंवा इतरत्र वापरू नये.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "माह्यं नाव मी काऊन नाई वापरू?"

मला सोपं वाटलं. धंद्याची पत ही मालकाची मिळकत. मालक गेला की वारसाकडे जाते. मूल नाही, आईबाप नाहीत, म्हणजे वारस एकटी बायको. भाऊ त्यात येतच नाही. शिवाय प्रत्येकाला आपलं स्वतःचं नाव प्रामाणिकपणे धंद्याला वापरायची मुभा कायदा देतो. मी म्हटलं, "आधार कार्ड द्या."

आधार कार्डावर नाव होतं सुकवारा.

मी कार्ड उलटं करून पाहिलं, जणू इंदुमती मागच्या बाजूला असेल.

बाई दरेकसाकडच्या. तिकडे छत्तीसगढी बोलतात आणि शुक्रवारी जन्मलेल्या पोरीचं नाव सुकवारा ठेवतात. चौथीपर्यंत शिकल्या, दाखल्यावर सुकवारा. लग्न होऊन फुलचूरला आल्या तेव्हा सासरच्यांना ते नाव जंगली वाटलं. नव्या नवरीचं नाव बदलायची रीतच आहे. देवरामनं ताटभर तांदळात अंगठीनं 'इंदुमती' लिहिलं, सगळ्यांनी वाचलं, पेढे वाटले.

"लग्नाची पत्रिका?"

"तिच्यात सुकवाराच. पत्रिका आधी छापते ना, भाऊ."

रेशनकार्डावर सुकवारा. मतदार यादीत सुकवारा. आधार निघालं तेव्हा माहेरच्या भावानं शाळेचा दाखला आणून दिला, म्हणून तिथेही सुकवारा. इंदुमती हे नाव अर्ध्या जिल्ह्याला पाठ होतं आणि एकाही कागदावर नव्हतं. त्या नावाचा एकुलता एक दस्त तांदळात लिहिला होता, आणि तो दुसऱ्या दिवशी शिजवून पाहुण्यांना वाढला होता.

दुकानांची नोंद ठेवणाऱ्या कामगार खात्याच्या कचेरीत मी जाऊन आलो. तिथला अधिकारी सरळ माणूस होता. म्हणाला, "आम्ही नाव कुणाचं हे ठरवत नाही. कळवलं ते नोंदवतो. त्याचं नोंदवलं, बाईंनी कळवलं तर त्यांचंही नोंदवू." त्याचं बरोबर होतं, आणि मला ते आधीपासून ठाऊक होतं. राहिलं कोर्ट. तिथे बाई जिंकल्या असत्या असं मला वाटतं, पण तोवर किती मंडया होऊन गेल्या असत्या कुणास ठाऊक. 'सुकवारा आणि इंदुमती एकच' असं प्रतिज्ञापत्र करता येतं, पण ते त्या स्वतःच स्वतःबद्दल करणार. सासरच्या कुणीतरी हो म्हणायला हवं होतं. सासरचं आता एकच माणूस उरलं होतं.

म्हणून मी हेमराजला बोलावलं, बाईंनाही. हेमराज आला, पाया पडला, बसला. धाकटा दीर, पण आता केस पिकलेले. बाजारात वाढलेला, त्यामुळे बोलणं अर्धं हिंदी.

"वकीलसाहेब, सीधी बात है. खोली वाटणीत माझी. दुकान भावाचं, भाऊ गेला, मी चालवून राहिलो. नाव दुकानाचं आहे, कोण्या बाईचं नाई. कागद दाखवा. इंदुमती नावाची एक बाई सरकारच्या कागदावर दाखवा, मी आजच पाटी काढतो."

मी विचारलं, "तू घरात तिला काय म्हणतोस?"

"वैनी."

चलाख उत्तर होतं. देवरामही घरात कधी नाव घेत नसे; तो 'ऐकलं का' म्हणायचा. ज्या घरानं नाव बदललं त्या घरात ते कुणी उच्चारलंच नव्हतं.

इंदुमतीबाई माझ्याकडे वळल्या. मला म्हणाल्या, "भाऊ, कागदावरच पाह्यजे का? भांड्यावरचं चालते का?"

बाहेर ऑटो उभा होता. त्या उठल्या आणि ऑटोतून पितळी परात घेऊन आल्या. ज्या परातीत बावीस वर्षं चिवडा कालवला तीच ती, दोन हातांत न मावणारी, काठ झिजलेला. माझ्या टेबलावर नोटिशीवरच ठेवली. काठाच्या आतून, यंत्रानं ठिपके ठिपके करून कोरलेली अक्षरं होती. तेलानं काळी झाल्यामुळे उलट स्पष्ट दिसत होती:

'सौ. इंदुमती वहिनीस दुकानाच्या मुहूर्तावर सप्रेम भेट. हेमराज.'

हेमराजनं परात स्वतःकडे ओढली. मग आपल्या नावावरून त्यानं बोट फिरवलं. "राइस मिलमधी लागलो होतो तेव्हा," तो मला म्हणाला. "पहिल्या पगाराची घेतली होती."

"मंग?" बाई म्हणाल्या. "कोन्या बाईले देल्ली होतीस?"

तो हसला नाही. माझ्या मनात तो लबाड म्हणून पक्का झाला होता. ते मत तिथे जरा हललं. "वैनी, बारा वर्सं मी बी बसलो त्या दुकानात. पुड्या बांधल्या. दादा गेला तं मी कुठी जाऊ? माह्या नावावर काय हाये?"

"बांधल्या ना. कोन नाई म्हनते? पन कढईत काय पडते, मालूम हाये का तुले?"

"नाई."

"मंग लोकायनं खाल्लं कोनाच्या हातचं?"

 चहा आला, तो हेमराजनं प्यायला. चहा संपल्यावर म्हणाला, "लिवा. काय लिवायचं ते लिवा."

मी लिहिलं. इंदुमती म्हणून सासरी ओळखली जाणारी बाई आणि सुकवारा ही एकच, हे मला माहीत आहे, अशी त्याची कबुली. त्यानं आपली नोंद बंद केल्याचं कळवायचं. खोली त्याची त्याच्याकडे, तिथे त्यानं स्वतंत्र धंदा करायचा. बाईंनी मागच्या घरात कढई लावायची. सही करायच्या आधी तो थांबला.

"वकीलसाहेब, मंग माह्या पाटीवर मी काय लिवू?"

उत्तर माझ्याकडून अपेक्षित होतं. माझ्याआधी बाई बोलल्या.

"तुह्यं नाव लिव ना. तुले तं कोनी बदलून नाई देल्लं."

त्यानं सही केली. जाताना परात उचलून ऑटोत त्यानंच ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, नव्या नोंदीसाठी. मी संगणक उघडला. मालकाच्या रकान्यात आधार कार्डाप्रमाणे सुकवारा लिहिलं, तिथे पर्याय नव्हता. मग धंद्याच्या नावाच्या रकान्यापाशी हात थांबवला. बावीस वर्षांपूर्वी याच बाईचं नाव मी तिच्या डोक्यावरून लिहिलं होतं. "वहिनी, बसा आधी," मी म्हटलं. "आणि सांगा, नाव काय ठेवायचं? तुमचं जन्माचं ठेवता येईल. आता कुणी अडवणार नाही."

माझी अपेक्षा होती की त्या सुकवारा म्हणतील. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला अशा अपेक्षा असतात. त्यांनी मात्र गिऱ्हाइकाचा विचार केला.

"सुकवाराच्या हातचं कोनं खाल्लं हाये, भाऊ? वर इंदुमतीच राहू द्या. तिनं लय मेहनत केली." थोडं थांबून म्हणाल्या, "खाली माह्यं लिवा."

चोरखमाऱ्याकडच्या एका मंडईत मी मुद्दाम गेलो. गर्दीत कढईचा वास आधी लागला, मग कापडी फलक दिसला. मराठीत, देवनागरीत, नियमाप्रमाणे. वर मोठ्या अक्षरात 'इंदुमती चिवडा भांडार'. खाली 'प्रो. सुकवारा देवराम'. खालची अक्षरंही पेंटरनं बारीक काढली नव्हती. बाईंनी काढू दिली नसावीत.

मी पोचलो तेव्हा एक म्हातारी फलक वाचत होती, नातवाच्या मदतीनं, अक्षर अक्षर जोडत. वाचून झाल्यावर तिनं कढईमागच्या बाईकडे संशयानं पाहिलं. धुरात चेहरा नीट दिसत नव्हता.

"काऊन वो बाई, इंदुमतीनं दुकान विकलं का?"

"हव," बाई झारा न थांबवता म्हणाल्या. "विकलं."

"बाप्पा. कोनाले?"

"मले. पावशेर बांधू का अर्धा किलो?"